वाचकांचे प्रश्न: लीक, काढणीपासून बरणीपर्यंत

लीकबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसते: वाळवलेला लीक टिकत नाही. कुणाचा काळपट होतो, कुणाचा चिवट राहतो, कुणाच्या बरणीत बुरशी येते. बहुतेकांनी दोष ड्रायरला, म्हणजे भाज्या वाळवायच्या विजेच्या यंत्राला, दिला आहे. पत्रं नीट वाचली की मात्र निम्म्याहून अधिक घोटाळे आधीच, म्हणजे काढणीत, धुण्यात किंवा चिरण्यात झालेले दिसतात. म्हणून उत्तरं वाफ्यापासून सुरू केली आहेत.

प्रश्न: लीक म्हणजे जाडजूड पातीचा कांदाच ना? मग वेगळी पद्धत कशाला?

उत्तर: कुळ एक, झाड वेगळं. पात हातात घेऊन बघा. कांद्याची पात नळीसारखी पोकळ असते. लीकची चपटी, मधोमध घडी पडलेली, लसणाच्या पातीच्या वळणाची. लीक बुडाशी कांदा धरत नाही. ज्याला आपण पांढरा दांडा म्हणतो तो दांडाही नव्हे. पातींचे तळ एकात एक गुंडाळून झालेली ती सुरळी आहे. खरं खोड म्हणजे मुळांच्या वरची चकतीएवढी टणक जागा.

हे नुसतं वनस्पतिशास्त्र नाही. सुरळी असल्यामुळे पापुद्र्यांमध्ये माती शिरते. शिवाय पांढरा भाग मऊ आणि पाणीदार, तर हिरवी पात तंतुमय आणि मेणचट. दोन्ही एकाच झाडाचे असले तरी शिजताना आणि वाळताना दोन वेगळ्या भाज्यांसारखे वागतात. एकत्र वाळवणाऱ्यांची निराशा इथूनच सुरू होते.

प्रश्न: कांद्याची मान पडली की तो तयार झाला असं कळतं. लीक कधी काढायचा?

उत्तर: लीकला अशी खूण नसते. तो एका दिवशी तयार होत नाही, जाड होत जातो. पांढरा भाग अडीच ते चार सेंमी जाड झाला की काढावा. पुनर्लागवडीनंतर लवकर येणाऱ्या जातींना साधारण 90 ते 100 दिवस लागतात, उशिरा येणाऱ्यांना 150 किंवा त्याहून जास्त. लवकर येणाऱ्या जातींची पात फिकट हिरवी आणि दांडा उंच, सडपातळ असतो. थंडी सोसणाऱ्या जाती निळसर हिरव्या, बुटक्या आणि जाड असतात.

बोटाएवढा बारीक लीकही खाता येतो, फार कोवळा लागतो. पण वाळवायचा असेल तर थांबा. बारीक लीकच्या चकत्या वाळून इतक्या लहान होतात की जाळीतून खाली गळतात. पाच सेंमीच्या वर गेलेला लीकही वाळवायला नको. बाहेरचे दोन-तीन थर चामड्यासारखे झालेले असतात आणि भिजवल्यावरही मऊ पडत नाहीत.

प्रश्न: आमच्या लीकचा पांढरा भाग जेमतेम पाच-सहा सेंमी येतो. खत कमी पडतं का?

उत्तर: खताचा संबंध नाही, अंधाराचा आहे. दांड्याला जिथवर उजेड मिळत नाही तिथवर तो पांढरा राहतो. रोपं पेन्सिलीएवढी जाड आणि 20 सेंमी उंच झाली की 15 सेंमी खोल भोकात एकेक रोप सोडा, वरून फक्त पाणी घाला. भोक मातीनं दाबून भरू नका. पाण्याबरोबर मुळांपुरती माती आपोआप खाली बसते, बाकीची जागा रोप जाड होताना भरत जाते. दोन रोपांत 15 सेंमी, दोन ओळींत 30 सेंमी अंतर ठेवा.

पुढे दोन-तीन हप्त्यांत मातीची भर द्या, दर वेळी चार-पाच सेंमी. पाती जिथे फाकतात त्या बेचक्याच्या वर माती जाता कामा नये. एकदाच ढीगभर माती ओढली की ती बेचक्यातून थेट सुरळीत उतरते आणि मग कितीही धुतलं तरी दाताखाली कचकच लागते. जमीन रेताड असेल आणि भर टिकत नसेल, तर दांड्याभोवती जाड कागदाची नळी घालून तिच्याबाहेर माती चढवा.

प्रश्न: उपटताना बरेच लीक मधेच तुटतात.

उत्तर: ओढून काढता म्हणून. लीकची मुळं दाट असतात आणि माती घट्ट धरून ठेवतात. दांड्यापासून दहा सेंमी अंतरावर काटेरी फावडं किंवा कुदळ खोल घालून आधी माती सैल करा, मग दांडा बुडाजवळ धरून सरळ वर घ्या. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण भुसभुशीत, असताना काढणी सर्वांत सोपी. कोरड्या मातीत दांडा तुटतो, चिखलात मुळांबरोबर गोळाच वर येतो.

काढल्यावर मुळं झटका. ती एक सेंमी ठेवून कापा, पण बुडाची चकती कापू नका. चकती गेली की सुरळी सुटते, कापल्या जागेतून पाणी जातं आणि कुजायला सुरुवात होते. पातीचे फाटलेले शेंडे तेवढे छाटा. काढलेला लीक उन्हात पडू देऊ नका. पात तासाभरात माना टाकते, आणि सुकलेली पात पुढे ड्रायरमध्ये गवतासारखी होते.

प्रश्न: चिरल्यावर मधोमध लाकडासारखा कडक गाभा निघाला. हा रोग आहे का?

उत्तर: नाही, हा डेंगळा. लीक दोन वर्षांचं झाड आहे: पहिल्या हंगामात पात, आणि थंडीचा काळ अनुभवल्यावर दुसऱ्या हंगामात फुलाचा दांडा. रोपावस्थेत बराच काळ थंडी लागली तर डेंगळा पहिल्याच हंगामात येतो. वर कळी दिसण्याआधी गाभा भरलेला असतो. अशी शंका आली तर एक लीक उभा चिरून बघा. गाभा बोटानं दबत असेल तर लीक लगेच वापरा. कडक असेल तर गाभा काढून बाहेरचे थर रश्शात घाला. वाळवणासाठी डेंगळ्याचे लीक घेऊ नयेत. गाभा आणि थर कधीच बरोबरीनं वाळत नाहीत.

प्रश्न: पातीवर नारिंगी पुटकुळ्या आणि काही ठिकाणी चंदेरी ओरखडे आहेत. खायला चालेल?

उत्तर: नारिंगी पुटकुळ्या म्हणजे तांबेरा, चंदेरी ओरखडे म्हणजे फुलकिड्यांनी रस शोषल्याच्या खुणा. रोगट बाहेरची पात काढली की आतला लीक चालतो. वाळवायला मात्र ती पात घेऊ नका, कारण डागाळलेला भाग वाळून तपकिरी होतो आणि सगळ्या घाण्याचा रंग बिघडतो. बुडाशी पांढरी कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीहून बारीक काळे कण दिसले तर ती पांढरी सड. ते झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीसह उचलून बाहेर टाका. खतखड्ड्यात घालू नका, कारण ते काळे कण मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात आणि त्या जागी पुढचा कांदा-लसूणही धोक्यात येतो.

प्रश्न: ताजा लीक किती दिवस टिकतो? फ्रीजमध्ये आमचे लीक वाकडे होतात, पिवळे पडतात.

उत्तर: 0 ते 1 अंश सेल्सिअस तापमान आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली तर दोन ते तीन महिने. घरच्या फ्रीजमध्ये एवढी थंडी आणि ओल नसते, तिथे एक ते दोन आठवडे धरा. न धुता, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा.

वाकडेपणाचं कारण गमतीशीर आहे. काढल्यावरही लीक थोडा वाढत राहतो, आणि आडवा ठेवला की शेंडा वर वळवतो. उभा ठेवला की सरळ राहतो. पिवळेपणामागे बहुधा शेजारी ठेवलेली सफरचंदं, नासपती किंवा केळी असतात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं पात लवकर म्हातारी होते.

थंड हवेत, जमीन गोठत नसेल तर, सर्वांत चांगलं कोठार म्हणजे वाफाच. लागेल तसा काढा.

प्रश्न: कितीही धुतलं तरी रेती राहते.

उत्तर: अख्खा लीक नळाखाली धरून उपयोग नाही, पाणी बाहेरूनच ओघळतं. अख्खा हवा असेल तर बुडाकडचे तीन सेंमी सोडून वरपर्यंत उभी चीर द्या, लीक उलटा, शेंडा खाली करून धरा आणि पानं पुस्तकासारखी उलगडत वाहत्या पाण्यात धुवा. शेंडा वर ठेवलात तर रेती वाहून बुडाकडे जाते आणि तिथेच अडकते.

वाळवण्यासाठी आधी चिरा, मग धुवा. मोठ्या भांड्यात भरपूर गार पाणी घेऊन चकत्या हातानं चोळत सुट्या करा, दोन मिनिटं स्थिर राहू द्या आणि मग चकत्या वरच्या वर हातानं उचलून चाळणीत घ्या. भांडं चाळणीत पालथं करायचं नाही, नाहीतर तळाला बसलेली रेती पुन्हा चकत्यांवर येते. भर देऊन वाढवलेल्या लीकला हे दोनदा करावं लागतं. नंतर चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि स्वच्छ कापडावर पसरून वरचं पाणी टिपून घ्या. हा अर्धा तास वाचवायला जाल तर ड्रायरचे दोन तास वाढतील.

प्रश्न: लीकमध्ये पोषण खरंच असतं का? आणि हिरवी पात फेकायचीच असते ना?

उत्तर: फेकायची नसते. आधी आकडे. 100 ग्रॅम कच्च्या लीकमध्ये साधारण 83 ग्रॅम पाणी, 61 किलोकॅलरी, 14 ग्रॅम कर्बोदकं, दीड ग्रॅम प्रथिनं आणि पावणेदोन ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. कॅल्शियम 59 मिलिग्रॅम, लोह 2.1 मिलिग्रॅम, पोटॅशियम 180 मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व 12 मिलिग्रॅम, फोलेट 64 मायक्रोग्रॅम आणि के जीवनसत्त्व 47 मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची दिवसाची फोलेटची गरज 400 मायक्रोग्रॅम धरली जाते, म्हणजे 100 ग्रॅम कच्चा लीक तिचा सहावा हिस्सा देतो. प्रथिनांसाठी मात्र लीककडे बघू नये.

आता वाटणी. बीटा कॅरोटीन, ल्युटीन आणि के जीवनसत्त्व उजेडात वाढलेल्या हिरव्या भागात जास्त असतात. पांढऱ्या भागाचं वैशिष्ट्य वेगळं: त्यात फ्रुक्टन नावाचे तंतू भरपूर असतात, जे आपल्याला पचत नाहीत पण आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचं खाद्य होतात. पांढरं ठेवून हिरवं फेकलं तर जीवनसत्त्वांचा मोठा वाटा कचऱ्यात गेला. फिकट हिरवा भाग पांढऱ्यासारखाच वापरावा. गडद शेंडे चिवट असतात, ते आडवे बारीक चिरून जास्त वेळ शिजवावेत किंवा वाळवून भुकटी करावी.

वाळवल्यावर खनिजं आणि तंतू जागेवर राहतात. क जीवनसत्त्व बरंच जातं, कॅरोटीन हवा आणि उजेडानं हळूहळू कमी होतं. वाळवलेला लीक हा ताज्याचा पर्याय नाही, ताजा नसेल तेव्हाची सोय आहे.

प्रश्न: लीक खाल्ला की पोट फुगतं. शिवाय घरात एक जण रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात.

उत्तर: पोट फुगण्यामागे वर सांगितलेले फ्रुक्टनच असतात. ज्यांना त्यांचा त्रास होतो त्यांनी हिरवी पात वापरून बघावी, तिच्यात ते कमी असतात. गोळी वॉरफरिनची असेल तर के जीवनसत्त्वाचा प्रश्न येतो, कारण ते रक्त गोठायला मदत करतं, म्हणजे गोळीच्या उलट काम करतं. लीक बंद करण्याची गरज सहसा नसते, पण आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं असावं. भुकटीबाबत विशेष सावध राहा: 15 ग्रॅम वाळवलेला लीक म्हणजे जवळपास 100 ग्रॅम ताजा, आणि चमचे मोजले जात नाहीत. प्रमाण बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: वाळवण्यासाठी आधी उकळत्या पाण्यात घालावा का? किती जाड चिरावा? किती तापमान, किती वेळ?

उत्तर: पांढरा आणि फिकट हिरवा भाग उकळत्या पाण्यात घालू नका. लीकचा वास आणि तिखटपणा तयार पडून नसतो. पेशी कापल्या गेल्या की एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तो तयार होतो. उकळत्या पाण्यात ते विकर मरतं आणि हाती बेचव कागद उरतो. कमी तापमानावर वाळवलेल्या लीकमध्ये ते काही अंशी शाबूत राहतं, म्हणून भिजवल्यावर पुन्हा वास दरवळतो. गडद शेंड्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावरचा मेणाचा थर पाणी अडवतो. त्यांना मिनिटभर वाफ दिली की थर फुटतो, रंगही टिकतो. थोडी चव जाते, पण शेंड्यात चवीपेक्षा रंगच महत्त्वाचा.

पांढरा भाग पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्यांत चिरा आणि कडी हातानं सुटी करा. हे कंटाळवाणं आहे आणि हेच टाळलं जातं. अखंड चकती बाहेरून वाळते, पण मधले पापुद्रे एकमेकांना चिकटून ओले राहतात. तीन मिलिमीटरपेक्षा पातळ चकत्या पंख्याच्या वाऱ्यानं उडतात. हिरवी पात आडवी, एक सेंमी रुंदीच्या पट्ट्यांत कापा. मेणामुळे पाणी मुख्यतः कापलेल्या कडांतून निघतं, म्हणून लांब उभ्या पट्ट्या उशिरा वाळतात.

ट्रेवर एकच थर पसरा. 30 सेंमी चौरस ट्रेवर पाव किलोच्या वर माल नको. जाळीची भोकं मोठी असतील तर बारीक जाळीचं कापड अंथरा. बेकिंगचा कागद नको, खालून हवा बंद होते.

पांढऱ्यासाठी 55 अंश सेल्सिअस, सहा ते दहा तास. हिरव्यासाठी 45 ते 50 अंश, तीन ते पाच तास. एकाच ड्रायरमध्ये दोन्ही लावायचेच असतील तर 50 अंशांवर ठेवा, हिरवं वेगळ्या ट्रेवर घ्या आणि आधी काढा. दर दोन तासांनी ट्रे वर-खाली करा आणि माल हातानं हलवा. ड्रायर जिथे असेल तिथे खिडकी उघडी ठेवा, वास दिवसभर राहतो. त्याच वेळी फळं वाळत घालू नका. लीकचा वास लागलेलं सफरचंद कुणी खात नाही.

प्रश्न: ड्रायर नाही. ओव्हन किंवा ऊन चालेल?

उत्तर: ओव्हन 60 अंशांपर्यंत खाली येत असेल तर चालेल. दार लाकडी चमचा अडकवून दोन-तीन सेंमी उघडं ठेवा, नाहीतर वाफ आतच कोंडते आणि लीक वाळण्याऐवजी शिजतो. पंख्याचा ओव्हन असेल तर उत्तम. ओव्हनमधला आकडा आणि प्रत्यक्ष तापमान यांत फरक असतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवा. मायक्रोवेव्ह नको, एक कडा जळते आणि दुसरी ओली राहते.

उन्हाबद्दल आमचं मत फारसं अनुकूल नाही. भाज्यांत फळांइतकं आम्ल आणि साखर नसते, त्यामुळे वाळायला उशीर झाला की जिवाणू आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. हवा 30 अंशांच्या वर आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली असेल, वाराही असेल, तरच विचार करा. तेव्हाही थेट उन्हात नव्हे, उन्हानं तापलेल्या सावलीत, वर-खाली जाळी लावून; थेट उन्हात हिरवा रंग उडतो. संध्याकाळी घरात घ्या. दोन दिवसांत कडक झाला नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता ओव्हनमध्ये पुरा करा.

प्रश्न: चकत्या हाताला अगदी कोरड्या लागल्या म्हणून बरणीत भरल्या. दहाव्या दिवशी बुरशी. असं का?

उत्तर: दोन कारणं संभवतात, बहुधा दोन्ही एकदम असतात.

पहिलं, सुरुवातीचं तापमान जास्त. लवकर आटोपावं म्हणून 70-75 अंशांवर लावलं की चकतीचा बाहेरचा भाग झटकन कडक होतो आणि आतलं पाणी कोंडतं. वरून कोरडी, आतून ओली. बरणीत ते पाणी हळूहळू बाहेर येतं आणि सगळा माल सादळतो.

दुसरं, गरम असताना केलेली तपासणी. गरम चकती फसवते: कधी कोरडी असून मऊ लागते, कधी उलट. मूठभर चकत्या बाहेर काढून दहा मिनिटं गार होऊ द्या. पांढरं कडं वाकवलं तर कट्‌कन मोडलं पाहिजे. वाकून परत सरळ झालं तर आणखी तासभर लागेल. हिरवी पात चुरगाळली की तिचा चुरा झाला पाहिजे. सर्वांत जाड तुकडा निवडून तोच तपासा, पातळ तुकडा नेहमी तुमच्या मनासारखं उत्तर देतो.

वजनकाटा असेल तर आणखी खात्रीचं. 1 किलो लीकमध्ये 83 टक्के पाणी धरलं तर घन भाग 170 ग्रॅम. त्यात सहा टक्के ओल उरली तर वाळलेल्या मालाचं वजन 180 ग्रॅम भरेल. लीक जास्त रसाळ असेल तर 120-130 ग्रॅमही भरतं, म्हणून आकड्यापेक्षा घट बघा. अर्ध्या-अर्ध्या तासानं एकच ट्रे वजन करा. घट जवळजवळ थांबली की वाळवण झालं. घट थांबली, पण तुकडा अजून वाकतोय, तर माल कोरडा नाही. बाहेरची साल कडक झाली आहे. तो माल मोडून, बारीक करून पुन्हा 50 अंशांवर लावा.

यानंतर एक पायरी बहुतेक जण गाळतात. पूर्ण गार झालेला माल काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरा, झाकण घट्ट लावा आणि सात ते दहा दिवस रोज एकदा हलवा. कमी-जास्त वाळलेल्या तुकड्यांतली ओल या काळात सारखी होते. काचेच्या आतल्या बाजूला दव दिसलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले तर लगेच बाहेर काढून पुन्हा वाळवा. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी सगळी बरणी टाका. वेचून चालत नाही, तंतू डोळ्याला दिसत नाहीत.

प्रश्न: पांढरा भाग तपकिरी आणि कडू झाला.

उत्तर: तापमान 65 अंशांच्या वर गेलं. लीकमध्ये साखर असते. माल जवळजवळ कोरडा झाल्यावर तीच आधी रंग आणि मग कडवटपणा देते. धोका शेवटच्या दोन तासांत जास्त, कारण तोवर बाष्पीभवनामुळे चकती थंड राहते, पाणी संपलं की ती हवेइतकी तापते. रात्री लावून झोपणाऱ्यांचं वाळवण नेमकं याच वेळेत बिघडतं.

प्रश्न: हिरव्या पातीची भुकटी केली, तिच्या आठवड्यात गुठळ्या झाल्या.

उत्तर: भुकटी हवेतली ओल फार वेगानं ओढते. माल अगदी चुरचुरीत असतानाच, मिक्सर थांबवत-थांबवत, दहा-दहा सेकंद दळा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि झाकणाला वाफ धरते. दळल्यावर पाच मिनिटं झाकण उघडू नका, बारीक धूळ डोळ्यांत जाते. चाळून ताटात पातळ पसरा आणि 50 अंशांवर अर्धा तास पुन्हा फिरवा. लहान बरण्यांत भरा, म्हणजे एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. उकळत्या पातेल्यावर बरणी उलटी करून भुकटी झटकण्याची सवय असेल तर गुठळ्यांचं कारण तेच. कोरड्या चमच्यानं काढा. एकदम सगळं दळू नये हे तर आहेच: चकत्यांपेक्षा भुकटीचा वास लवकर उडतो.

प्रश्न: वाळवलेला लीक किती टिकतो, आणि वापरताना किती घ्यायचा? आमचा भिजवूनही चिवट राहतो.

उत्तर: हवाबंद, अंधाऱ्या, गार जागी चकत्या वर्षभर, गरम स्वयंपाकघरात सहा महिने. नंतर तो विषारी होत नाही, पण गवतासारखा लागतो.

100 ग्रॅम ताज्याच्या जागी 15 ग्रॅम. सूप किंवा रश्शात थेट घालता येतो, शिजायला किमान 20 मिनिटं द्या आणि पाणी थोडं वाढवा. परतायचा असेल तर एक वाटी लीकला दोन वाट्या उकळतं पाणी घालून 20 ते 30 मिनिटं झाका. ते पाणी टाकू नका, चव त्यात उतरलेली असते. भिजवताना मीठ किंवा आंबट घातलं तर तुकडे पाणी नीट शोषत नाहीत. चिवटपणाचं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे फार मोठे झालेले लीक. भिजवलेला लीक बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. वाळवण्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात.

प्रश्न: तेलात घालून ठेवला तर?

उत्तर: ताजा किंवा भिजवलेला लीक तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, लीकमध्ये आम्ल नसतं, आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला हेच हवं असतं. वास किंवा चव बदलत नाही, म्हणून कळतही नाही. लागेल तेवढाच करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

प्रश्न: वाळवण्याऐवजी फ्रीझरमध्ये ठेवला तर काय बिघडलं?

उत्तर: काहीच नाही. एक सेंमीच्या चकत्या धुऊन, नीट कोरड्या करून, ताटात सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा. कच्च्या गोठवल्या तर तीन महिन्यांत संपवा. जास्त ठेवायच्या तर आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, मग बर्फाच्या पाण्यात. बर्फ वितळल्यावर त्या लुळ्या पडतात, म्हणून वितळू न देता थेट भांड्यात टाकायच्या. चव वाळवलेल्यापेक्षा ताज्याच्या जवळची राहते. जागा आणि वीज असेल तर पांढरा भाग फ्रीझरला आणि हिरवी पात ड्रायरला, ही वाटणी आम्हाला सर्वांत पटते.

प्रश्न: वाळवताना खाली पडलेले तुकडे कुत्र्यानं खाल्ले तर काही होतं का?

उत्तर: होतं. कांदा-लसणाच्या कुळातल्या सगळ्याच भाज्या कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि वाळवल्यावर त्यांतला घातक अंश थोड्या वजनात एकवटलेला असतो. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट होणं, धाप लागणं, लघवी गडद होणं असं दिसू लागतं. खाल्ल्याचं कळताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्याला अंदाजे किती खाल्लं ते सांगा आणि तुकडे वाळलेले होते हेही सांगा.